वर्गणी, पावती आणि हिशेब

श्रोतेहो, सकाळी उठून आपण फोन हातात घेतो तेव्हा त्यात काय काय येऊन पडलेले असते, हे मी आपणांस सांगायला नको. सुप्रभात असते, कुणाच्या बारशाचे निमंत्रण असते, बाजार समितीतले कांद्याचे भाव असतात. आणि या साऱ्यांच्या मध्येच कुणीतरी हात पुढे केलेला असतो. एखाद्या लेकराच्या शस्त्रक्रियेसाठी, एखाद्या वृद्धाश्रमासाठी, एखाद्या शाळेच्या छपरासाठी. खाली काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन, ज्याला आपण क्यूआर कोड म्हणतो. फोन त्याच्यासमोर धरायचा आणि पैसे पाठवायचे.

लोकांच्या पैशावर लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी असे फोनवरून, इंटरनेटवरून माणसांपर्यंत पोचावे, त्यांना जोडावे आणि जोडलेले राखावे, या उद्योगाला शहरात 'डिजिटल मार्केटिंग' म्हणतात. त्याचे वर्ग भरतात, त्यासाठी पगारी माणसे नेमतात. नाव ऐकून आपल्याला वाटते, हे काहीतरी नवेच प्रकरण दिसते. साधन नवे आहे, यात शंका नाही. पण ज्या अडचणीवर हे साधन आले ती अडचण जुनी आहे, आणि आपल्याच मुलखात एका माणसाला ती सव्वाशे वर्षांपूर्वी पुरेपूर भेटली होती. त्या माणसापासून आपण सुरुवात करू.

अंताजी दामोदर काळे हे त्यांचे नाव. एकोणिसावे शतक सरत आले होते. देशात कारखाने नाहीत, आगपेटीपासून काचेच्या बरणीपर्यंत सारे परदेशातून येते, आणि कारखाना काढायचा तर भांडवल नाही, अशी स्थिती होती. धनिकांच्या दारी जाणारे पुष्कळ होते. काळ्यांनी उलटा विचार केला. प्रत्येक माणसाने वर्षाकाठी फक्त एक पैसा द्यावा. पैसा कोणाजवळ नसतो? शेतकरी देईल, मजूर देईल, शाळकरी मूलही खाऊतला देईल. अशा पैशांतून देशी धंद्यांना भांडवल उभे करावे. हाच तो 'पैसा फंड'. पुढे लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९०८ साली या फंडातून पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे चालक होते. तो नुसता कारखाना नव्हता, काचकाम शिकवणारी शाळाही होती. तेथे तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले.

पण येथे जरा थांबून आपण हिशेब मांडू. शिक्षकांनी हवे तर वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा, मुलांना गंमत वाटेल. त्या वेळी रुपयाला चौसष्ट पैसे होते. समजा, एका गावात पाचशे माणसे आहेत. फंडाचा स्वयंसेवक सकाळी निघाला, घरोघर फिरला, प्रत्येकाला फंड म्हणजे काय ते समजावून सांगितले, आणि एकानेही नाही म्हटले नाही. तरी दिवस मावळताना त्याच्या झोळीत किती पडले? सात रुपये तेरा आणे. एक लाख माणसांनी पैसा दिला तरी रक्कम होते १,५६२ रुपये ८ आणे. एक लाख दारे, एक लाख वेळा तीच विनवणी, एक लाख वेळा तोच हिशेब. स्वयंसेवक फुकट राबले म्हणून हे जमले. त्यांच्या पायपिटीला मजुरी लावली असती, तर जमलेला पैसा गोळा करण्यातच संपला असता.

आणि याहूनही एक बारीक गोष्ट आहे. हिंदुस्थानात टपाल खात्याने १८७९ साली पोस्टकार्ड सुरू केले. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे बरोबर एक पैसा. पैसा फंडाच्या काळातही पोस्टकार्डाचा भाव हाच होता. आता पाहा, ज्याने एक पैसा दिला त्याला साधे कळवायचे म्हटले, की बाबा, तुझा पैसा पोचला, आम्ही त्यातून भट्टी बांधली, तरी त्या कार्डाला एक पैसा. म्हणजे त्याने दिलेला पैसा त्याचेच आभार मानण्यात खर्ची पडायचा. लहान देणगीदाराची ही खरी गोची होती. त्याच्याकडून घेता येत होते, पण त्याच्याशी बोलता येत नव्हते. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला फंडाची हकीकत कळे. न वाचणाऱ्याला, पुढच्या वर्षी स्वयंसेवक पुन्हा दारात आला तर कळे, न आला तर ते नातेही तुटे.

ही अडचण एकट्या महाराष्ट्राची होती असे समजू नका. काळ्यांच्या आधी चारपाच वर्षे, दक्षिण आफ्रिकेत एक तरुण बॅरिस्टर याच पेचात सापडला होता. १८९४ च्या ऑगस्टमध्ये तेथील हिंदी लोकांनी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली आणि मोहनदास गांधी तिचे चिटणीस झाले. वर्गणी ठरली महिन्याला निदान पाच शिलिंग. नावे भराभर आली. पैसे मात्र येईनात. गांधींनी आपल्या आत्मकथेत हे मोकळेपणी लिहून ठेवले आहे. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, डरबानच्या बाहेर राहणाऱ्यांकडे दर महिन्याला जाता येत नाही, आणि एका क्षणीचा उत्साह दुसऱ्या क्षणी ओसरतो. शहरातल्या सभासदांनाही पुन्हा पुन्हा टोकावे लागे. शेवटी त्यांनी महिन्याची वर्गणी मोडून वर्षाची केली, तीन पौंड, आणि तीही आगाऊ. बारा वेळा मागण्यापेक्षा एकदाच नीट मागावे, हा त्यातला विचार. आज फोनवरून देणगी मागणाऱ्या संस्था, एका माणसाला वर्षात किती वेळा हाक मारावी, यावर मोठमोठी खलबते करतात. त्या तरुण चिटणिसाने ते खलबत एकट्याने, वहीवर बोट ठेवून केले होते.

त्याच फिरतीतली टोंगाटची हकीकत तर ऐकण्याजोगी आहे. तेथे ज्यांच्या घरी ही मंडळी उतरली, त्या यजमानांनी सहा पौंड द्यावेत अशी अपेक्षा होती. ते तीन पौंडांवर अडून बसले. त्यांचे तीन घेतले असते तर पुढच्या प्रत्येकाने आकडा खाली ओढला असता. रात्र झाली, पोटात भूक, आणि यजमानाच्या घरचे अन्न समोर. पण वर्गणी मिळाल्याशिवाय जेवायचे नाही असे मंडळींनी ठरवले. सारी रात्र बसून काढली. यजमानही हटेना, पाहुणेही हटेनात. पहाट होता होता यजमान विरघळले, सहा पौंड दिले आणि मग सगळ्यांना जेवू घातले. आता ही जबरदस्तीच नाही का, असे कुणी विचारील. मलाही थोडे तसे वाटते. पण समोरासमोर बसून, उपाशी राहून मागणे आणि रात्री दोन वाजता यंत्राकरवी हजारो लोकांना एकच निरोप धाडणे, यांत फरक आहेच. पहिल्यात मागणाऱ्यालाही काही सोसावे लागते.

गांधींच्या अनुभवातून आणखी दोन गोष्टी निघाल्या, त्या मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. एक, पैन् पैचा हिशेब. हिशेब चोख नसेल तर सत्याचे रक्षण होत नाही, असे त्यांचे मत झाले, आणि १८९४ सालच्या काँग्रेसच्या हिशेबाच्या वह्या पुढेही जशाच्या तशा मिळतील, हे त्यांनी अभिमानाने लिहिले. दुसरी गोष्ट अधिक कडक आहे. सार्वजनिक संस्थेने मोठा कायम निधी साठवून त्याच्या व्याजावर जगू नये. लोकांनी दरसाल दिलेल्या वर्गणीवर जगावे. लोक द्यायचे थांबले, तर संस्थेने समजावे की आपली गरज संपली किंवा आपले काहीतरी चुकले. कायम निधीवर बसलेल्या संस्थेला लोकमताची पर्वा उरत नाही. हे मत सर्वांना पटेल असे नाही. दवाखाना चालवणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, अहो, व्याज नसेल तर औषधे कशाने आणू? तरीपण संस्था आणि तिचे पाठीराखे यांच्या नात्याबद्दल एवढे रोखठोक कोणी बोललेले मला आढळले नाही.

आता साताऱ्याकडे वळू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. सर्व जातींची मुले एका वसतिगृहात राहून शिकत. त्यांना खाऊ घालायचे कशाने? लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही या मुलांसाठी दिले, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. दागिने एकदाच देता येतात. रोज चूल पेटवायची तर रोजचे काही हवे. भाऊरावांच्या मुष्टिफंडाची योजना याच गरजेतून आली. पहाटे जाते ओढायला बसलेल्या बाईने दळणातली एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायची. मडके भरले की ते वसतिगृहाचे.

या योजनेकडे मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मला तिच्यातली हुशारी नव्याने जाणवते. पैसा फंडाला जो प्रश्न सुटला नव्हता तो येथे जात्यापाशी सुटला. मागायला रोज कुणी दारात येत नव्हते. आठवण जातेच करून देत होते. देणारी बाई शेतात राबणारी, तिच्या हाती रोकड क्वचितच. पण धान्यावर तिची सत्ता होती, आणि ती मूठ द्यायला नवऱ्याची परवानगी लागत नव्हती. तिने दिलेली ज्वारी तिच्याच भागातल्या मुलांच्या ताटात भाकरी होऊन जात होती. पावती नव्हती, अहवाल नव्हता. पण शिकून कुणी मुलगा गावी परतला की साऱ्या गल्लीला हिशेब मिळे.

महर्षी धोंडो केशव कर्व्यांची तऱ्हा निराळी. १८९६ साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम सुरू केला. १९०० साली तो हिंगण्यास गेला. हिंगण्याहून पायी फर्ग्युसन कॉलेजात यायचे, गणित शिकवायचे, मग वर्गणीसाठी हिंडायचे आणि पुन्हा पायी परतायचे, असा त्यांचा दिवस असे. त्यांचे काम लोकांना रुचणारे नव्हते. त्यामुळे वर्गणी मागणे म्हणजे प्रत्येक दारी एक वाद मिटवणे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा नेमाने वर्गणी भरणाऱ्यांना विद्यापीठाच्या कारभारी मंडळावर माणसे निवडून देण्याचा हक्क दिला. वर्गणीदार हा नुसता दाता न राहता मतदार झाला. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी आली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. पण एवढी थोर देणगी मिळाल्यावरही कर्वे लहान वर्गणी मागायचे थांबले नाहीत. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ स्थापून ते पुन्हा दारोदार फिरू लागले.

मधल्या काळाबद्दल फार सांगत बसत नाही. मनिऑर्डर होती, छापील आवाहने होती, पेट्या होत्या, नाटकांचे खेळ होते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला एक कोटी रुपये जमले. गणेशोत्सवाची पावतीपुस्तके तर आपण सर्वांनीच फाडली आहेत. पण लहान देणगीचा जुना पेच तसाच राहिला होता. मागायला खर्च, पोचवायला खर्च, कळवायला खर्च.

तो पेच सुटला २०१६ नंतर. त्या वर्षी आपल्या देशात यूपीआय सुरू झाले. आता एक रुपया पाठवायचा तरी देणाऱ्याला पाठवणावळ पडत नाही, आणि तो पोचल्याचा निरोप त्याच क्षणी दोघांच्याही फोनवर येतो. अंताजी काळ्यांनी ज्याचे स्वप्नही पाहिले नसते ते झाले. एक लाख दारे आता चालत जाऊन ठोठावावी लागत नाहीत, आणि आभाराचे कार्ड फुकट झाले.

आणि इथेच नवी खोच निर्माण झाली. कार्ड फुकट झाल्याबरोबर लोक ते आभारासाठी वापरण्याऐवजी मागण्यासाठीच वापरू लागले. माझाच अनुभव सांगतो. दोनतीन वर्षांपूर्वी मी एका संस्थेला फोनवरून पाचशे रुपये पाठवले. नाव सांगत नाही, काम चांगले असेलही. त्यानंतर तीन महिने मागणीचे निरोप येत राहिले. कधी रडणारे मूल, कधी 'आज रात्री बारापर्यंतच' अशी घाई. माझ्या आधीच्या पाचशे रुपयांचे काय झाले, हे एकाही निरोपात नव्हते. शेवटी मी तो नंबर बंद करून टाकला. ज्यांना कळवायला एक पैसाही पडत नव्हता त्यांनी कळवले नाही, आणि पैसा फंडवाल्यांना कळवायचे असून परवडत नव्हते!

फोनवरून हाक किती दूर जाते, याचे जगभर गाजलेले उदाहरण २०१४ सालचे आहे. अमेरिकेत मज्जातंतूंच्या एएलएस नावाच्या असाध्य रोगासाठी एक खेळ निघाला. डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची, त्याची चित्रफीत लोकांना दाखवायची, आणि तिघांची नावे घेऊन त्यांना आव्हान द्यायचे. नाही ओतून घेतली तर देणगी द्यायची. पुष्कळांनी दोन्ही केले. त्या एका उन्हाळ्यात तेथील एएलएस संघटनेकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमले. त्या पैशांतून चाललेल्या संशोधनात या रोगाशी संबंधित एक जनुक २०१६ मध्ये सापडले, म्हणजे पैसा वाया गेला नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात तोच खेळ पुन्हा मांडला तेव्हा जमलेली रक्कम अगदीच किरकोळ होती. गांधी म्हणाले होते तो उत्साह ओसरला होता. आपल्याकडे हैदराबादच्या एका महिला पत्रकाराने त्याच वर्षी पाण्याच्या बादलीऐवजी तांदळाची बादली गरजवंताला द्या, अशी टूम काढली. ती मला अधिक आवडली. तिला आपल्या मुष्टिफंडाचा वास येतो.

महाराष्ट्रातले अलीकडचे उदाहरण पानी फाउंडेशनचे. २०१६ साली या संस्थेने वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप ही गावागावांतली स्पर्धा लावली. पहिल्या वर्षी ११६ गावे उतरली, आणि कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. २०१८ पर्यंत ती पंचाहत्तर तालुक्यांत पोचली. टीव्हीवर कार्यक्रम होता, गाणे होते, फोनवर चित्रफिती फिरत होत्या. प्रसिद्धीचे सारे नवे मार्ग त्यांनी वापरले. पण मागणी पैशाची नव्हती, घामाची होती. शहरात राहणाऱ्यांनी 'जलमित्र' म्हणून इंटरनेटवर नाव नोंदवायचे आणि १ मे २०१८ रोजी एखाद्या गावात जाऊन फावडे हाती घ्यायचे, असा बेत होता. त्या कामांच्या शास्त्रीय बाजूबद्दल जाणकारांत मतभेद झाले, तो विषय वेगळा. पाठीराखे जोडण्याच्या दृष्टीने मला त्यात एवढेच दिसते की, ज्याने स्वतः चर खणला तो पहिल्या पावसानंतर फोन करून विचारणारच, 'चरात पाणी थांबले का हो?'

आता शिक्षक बंधुभगिनींनो, थोडे आपले. २०१५ नंतरच्या काळात जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांनी लोकवर्गणीतून संगणक, प्रोजेक्टर, टॅब घेतले. माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवरचा गट आता बहुतेक शाळांना असतो. कुणी पुण्यात गाडी चालवतो, कुणी सुरतेला गिरणीत आहे, कुणी आखाती देशात. त्यांना शाळेबद्दल माया असते. हा गट म्हणजे आपले मडके आहे, पण ते घराच्या जात्याशेजारी ठेवलेले आहे हे विसरू नये. ज्याने स्वतःहून नंबर दिला त्यालाच निरोप पाठवावा. परक्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरू नये, असा कायदाच २०२३ साली संसदेने केला आहे. वर्गणी शाळेच्या खात्यातच घ्यावी, कुणा एकाच्या खासगी नंबरवर नको. देणाऱ्यांनाही सांगून ठेवावे की चौकोन स्कॅन केल्यावर फोनवर जे नाव उमटते ते शाळेचेच आहे ना, हे पाहिल्यावाचून पैसे सोडू नयेत. आणि पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. कुणी तसे सांगितले तर तो ठक समजावा.

राहता राहिला निरोप कसा लिहावा हा प्रश्न. शहरातल्या संस्था त्यासाठी माणसे नेमतात. आपल्याला त्याची गरज नाही. जूनमध्ये शाळा उघडली की काही मागण्याआधी असा एक निरोप पाठवून पाहा. आकडे मी नमुन्यादाखल घालतो, आपण आपले घालावेत.

'गेल्या वर्षी आपल्यापैकी सव्वीस जणांनी मिळून ११,४०० रुपये दिले. पाण्याच्या टाकीला ८,२०० लागले, नळ आणि मजुरीला २,७५०. उरलेले ४५० शाळेच्या खात्यात आहेत. बिलांचे फोटो सोबत जोडले आहेत. टाकी चिंचेखाली, जुन्या रांजणाच्या जागी बसवली. रांजण फोडला नाही, त्यात मुलांनी तुळस लावली आहे. यंदा काय लागेल ते पालकांशी बोलून पुढच्या महिन्यात कळवतो.'